शुक्रवारी घाईने बंद केलेले इंजिन

इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारातून अठ्ठावीस हजारांना आणले. पेणपर्यंतचे टेम्पोभाडे नऊशे. ते माझ्या जुन्या अॅम्बॅसेडरमध्ये बसवायला लागलेले माउंटिंग, रेडिएटर आणि पाइप मिळून सहा हजार. पहिला टर्बो जळाला. दुसरा साडेअकरा हजारांचा. पैशातला खर्च एवढा. शिवाय एक माणूस गेला. त्याच्या तोडीचा हात पुन्हा माझ्या कारखान्यात आला नाही. खरी किंमत ही, आणि हा कागद मुख्यतः तिच्यापायी लिहीत आहे.

तर मी, एझ्रा हासाजी खांबकर, वय वर्षे सदुसष्ट, धर्म यहुदी, धंदा डिझेल इंजिन दुरुस्ती, राहणार पेण, जिल्हा रायगड, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. डॉक्टरांनी नळी लावून जे ऐकले ते त्यांनी सांगायच्या आधीच मला ठाऊक होते: एक झडप नीट बसत नाही, ठोक्यामागून गळती ऐकू येते. हे लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेले नाही. कोणी गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही. गोड बोलायला घरात दुसरे कोणी नाही.

अॅड. अनिता देवधर यांनी मसुदा पाहून सांगितले, "काका, हे दोन पानांत बसतं. बाकीचं काढून टाका." मी म्हटले, बाकीच्यासाठीच तर लिहायला बसलो. गणपती गेल्यावर लिहायला घेतले, आणि मध्ये जे जे घडले ते त्या त्या जागी घातले आहे. खाडाखोड आहे तिथे माझी सही आहे.

१. माझा जन्म खांबचा. वडील हासाजी यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असे, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणे. चौदाव्या वर्षी पेणला आलो आणि ट्रकच्या कारखान्यात रॉकेलच्या तसराळ्यात सुटे भाग धूत बसलो. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण कानाने झाले. मिठाचा ट्रक वळणाआड असतानाच त्याचा कितवा नॉझल आजारी आहे हे मी सांगत असे, आणि मालक पैज लावून इतरांकडून चहा उकळत असे. एकोणीसशे साठ साली स्वतःचा कारखाना काढला. आज पेण ते रोहा रस्त्यावर मला न ओळखणारा माणूस नाही. अनिताबाईंनी विचारले, दोन साक्षीदार मिळतील ना? मी हसलो. नाक्यावर उभे राहून एक हाक मारली तर सहीला रांग लागेल.

२. कारखान्यामागच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, त्यातील सामान आणि माझी पत्नी कै. एस्थर हिचे दागिने माझी मुलगी शीरा हिला द्यावेत. ती सन १९८४ पासून इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिने खोल्या विकल्या तर मला राग नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन येतो.

"बाबा, या इकडे. तिथं आता कोण आहे तुमचं?"

"गाडी आहे."

"गाडी काय चहा करून देते?"

मग ती नातवाला फोन देते. त्याला मराठीचे एकच वाक्य येते: "आजोबा, इंजिन कसं आहे?" मी सांगतो, चांगले आहे. त्याला ते कळत नाही, आणि फोन ठेवला जातो. मी गेलो नाही याचे कारण शीराने मनाला लावून घेऊ नये. सगळे जात होते तेव्हा माझा धंदा जोरात होता, आणि धंदा ओसरला तेव्हा एस्थर इथल्या मातीत होती.

३. बँकेतील ठेवीतून माझे दफन एस्थरच्या शेजारी करावे. तिथे जागा सोडलेली आहे. मोजून सोडली आहे. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेणच्या आमच्या मशिदीत, म्हणजे बाहेरचे ज्याला सिनेगॉग म्हणतात तिथे, आता सणाला मुंबईहून माणसे आली तरच दहा भरतात. एस्थरच्या वेळी सातच होते. तिघांची ठाण्याहून वाट पाहण्यात दुपार गेली. माझ्या वेळी न भरल्यास कोणी खोळंबू नये. उरलेली रक्कम शीराची.

४. कारखाना, त्याची जागा, लेथ, नॉझल तपासायचा पंप, सर्व पाने-पकडी आणि पुढे वर्णन केलेले टर्बो-डिझेल इंजिन गाडीसकट, हे सर्व मी काळुराम जनू घरत, राहणार जोहे, तालुका पेण, यास देत आहे. तो माझा नातेवाईक नाही. अकरा वर्षे माझ्याकडे होता. सन १९९२ मध्ये मी त्याला चार लोकांत चोर म्हणून हाकलले. तो चोर नव्हता. हे कलम लिहीत असताना तो हे घेईल की नाही मला ठाऊक नाही. सहा वर्षांत आमचे एका शब्दाचे बोलणे नाही.

५. इंजिनाचे वर्णन, म्हणजे उद्या दुसरेच कोणी दुसरेच इंजिन दाखवू नये. जपानी बनावट. चार सिलिंडर, दोन हजार सीसी, टर्बो लावलेले. जोर कागदावर ब्याऐंशी घोड्यांचा. माझ्या मते पंचाहत्तर खरे. फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन. वॉल्व्हची फट इंजिन थंड असताना इनटेकला दहा, एक्झॉस्टला चौदा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. तेल साडेपाच लिटर, दर पाच हजार किलोमीटरला बदलणे, फिल्टरसकट. तेल बदलून फिल्टर जुना ठेवणारा माणूस आंघोळ करून तेच कपडे घालतो. टायमिंगचा पट्टा ऐंशी हजारांवर बदलावा, चांगला दिसत असला तरी. डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी पावसाळ्यात आठवड्याला काढावे. थंडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारू नये.

मी बसवल्यापासून दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले. हेड एकदाही उघडलेले नाही. प्रथम चालू झाले त्या दिवशी एस्थरने आमच्या पैगंबराच्या, एलियाहू हन्नाबीच्या, नावाने मलिदा केला, गूळ-पोह्यांचा, ओले खोबरे घालून, आणि पहिली मूठ काळुरामच्या हातावर ठेवली. माझ्या नव्हे.

टर्बो म्हणजे काय, हे शीरासाठी लिहितो, कारण हा कागद तीही वाचेल. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखी फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. मिनिटाला लाखभर फेरे. तिचा दांडा तेलाच्या पातळ सायीवर तरंगतो. जोरात गाडी हाणून आल्यावर ती पंखी लाल तापलेली असते. इंजिन तसेच बंद केले तर तेलाचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, आणि आत राहिलेले थेंब तव्यावरच्या तेलासारखे करपतात. म्हणून थांबल्यावर दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवायचे, मग बंद करायचे. हे मी रायगड जिल्ह्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितले. कारखान्याच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिले: टर्बो – दोन मिनिटे थांबा.

६. आता शुक्रवार. धाटावच्या एका कंपनीतल्या जनरेटरांची देखभाल माझ्याकडे होती, आणि तिचा वार शुक्रवार. साडेचारला रोहा सोडायचे, नागोठणे, वडखळ करत सूर्य बुडायच्या आत पेण गाठायचे. कारण शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ लागतो. घरधनीण दिवा लावते, आणि दिवा लागल्यावर विस्तव पेटवायचा नाही की विझवायचा नाही. इंजिनाच्या पोटात विस्तवच असतो. तेव्हा आधी इंजिन बंद, मग दिवा.

मी फाटकातून आत शिरे तेव्हा एस्थर दारात काडी आणि पेटी घेऊन उभी असे.

"अहो, सूर्य टेकला. बंद करा आधी."

फाटकाशी काळुराम. तो खाडीकाठच्या मिठागरातल्या माणसाचा मुलगा. हाताने बोले, तोंडाने कमी.

"शेट, पंखी लाल हाय. दोन मिनटं ऱ्हावं द्या."

"एस्थरच्या हातात काडी आहे, दिसत नाही?"

"मंग तुमी जा ना दिव्याला. मागनं मी बंद करतो. मना कुठला शनवार?"

"माझं इंजिन माझ्या हाताने बंद होईल. तू फाटक लाव."

दुसऱ्याकडून काम करवून घेणेही आमच्यात बसत नाही, असे मी त्याला सांगत असे. ते खरे आहे. पण खरे कारण ते नव्हते. त्या इंजिनाची किल्ली दुसऱ्याच्या हातात मला बघवत नव्हती, एवढेच. असे तीन वर्षे, जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी.

७. फेब्रुवारी १९९२, एका रविवारी सकाळी नागोठण्याहून येताना टर्बो गेला. पेणच्या टॅक्सी नाक्यावर मी निळ्या धुराच्या ढगातून उतरलो. तिथे पंधरा तरी माणसे होती. त्यात दाजी मोकल, मिठाचा ट्रकवाला. ही पंखी वर्षभर टिकणार नाही असे तो तीन वर्षे सांगत होता.

"काय एझ्राशेट, आज धुराचं दुकान काढलंस काय?"

सगळे हसले. काळुराम हाकेच्या अंतरावरून धावत आला, बॉनेट उघडून आत डोकावला. मला काहीतरी उत्तर देणे भाग होते. मी म्हणालो, "हे बघा उत्तर. नवं तेल विकतो, जुनं गाळून भरतो. पंखी याने खाल्ली."

तो वर बघून म्हणाला, "शेट, फिल्टर कापा. आत्ता कापा. कचरा निघाला तर माजा हात कापा."

मी कापला नाही. अर्ध्या तासाचे काम होते. त्याने हातातला चौदा-पंधराचा पाना बॉनेटवर ठेवला, कापसाच्या बोळ्याने बोटे पुसली आणि गेला. नाक्यावर माझ्या शब्दाला तेव्हा वजन होते. पेणमध्ये आता आपल्याला कोणी गाडीला हात लावू देणार नाही, असे त्याने धरले. तो जोह्याला गणपतीच्या कारखान्यात प्लॅस्टर कालवायला लागला.

त्याच महिन्यात धाटावच्या कंपनीने जनरेटरचा वार बदलून बुधवार केला. शुक्रवारची घाई संपली. दुसरा टर्बो टिकला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, काळुराम गेला आणि टर्बो टिकला.

एस्थर एकदाच बोलली. "तुमचा कान चांगला. पण तुम्ही ऐकता कुठं?"

सन १९९५ मध्ये ती गेली. तिच्या दफनाला काळुराम कबरस्तानच्या फाटकाबाहेर उभा होता. मी त्याला पाहिले. मी नमस्कारही केला नाही.

८. गेल्या वर्षी जूनमध्ये काम नव्हते. दोन लाखांच्या वर इंजिन गेले म्हणून मी खालून ऑइल पॅन उतरवला आणि मुख्य बेअरिंग काढली. पहिल्यापासूनची तीच. त्यांत चेहरा दिसत होता. एक ओरखडा नाही. मी तिथेच चटईवर बसलो. टर्बोला जाते ते तेल आधी याच बेअरिंगना मिळते. तेल घाण असते तर खुणा इथे आधी उमटल्या असत्या.

पोत्यात गुंडाळून ठेवलेला जुना टर्बो काढला आणि हॅक्सॉने मधोमध कापला. आत तेलाची वाट काळ्या खरपुडीने बुजलेली होती, भाताच्या पातेल्याचा तळ करपतो तशी. नखाने निघेना. घाणेरड्या तेलाने असे होत नाही. तापलेले इंजिन घाईने बंद करणाऱ्याने असे होते, आणि पुन्हापुन्हा केल्याने होते.

माझ्या कानाची बाजू मांडतो. टर्बो जायच्या आधी आठ महिने, शनिवारी दिवस बुडाल्यावर पहिला स्टार्टर मारला की टर्बोच्या शिट्टीत वाळूसारखा बारीक आवाज येत होता. मी तो ऐकला होता. दर शनिवारी. आदल्या दिवशी काय होते, एवढेच मी स्वतःला विचारले नाही.

आता शुक्रवारी काडी मीच ओढतो. त्यामुळे दोन मिनिटे भरपूर असतात.

९. यंदा दिवाळीनंतरच्या आठवड्यात जोह्याला गेलो. एसटीतून उतरलो तर काळुरामचा पत्ता विचारावा लागला नाही. ओळीने मूर्तींचे कारखाने, प्रत्येकात रंग मारायचा कॉम्प्रेसर धापा टाकतो आहे, आणि एकच सुरात, काळुरामच्या हातचा. मी त्याच मांडवात शिरलो. त्याची बायको हौसा मूर्तींवर कागद झाकत होती. मला बघून शेजारणीला म्हणाली, "बघ गो कोन आलाय. पेनचं शेट. गनपती घ्यायला आलाव काय? तुमच्यात चालत नाय ना?"

काळुराम उठला नाही. भुवयांपर्यंत प्लॅस्टर. केस पांढरे झाले होते की त्यावर प्लॅस्टर होते, मला कळले नाही.

"बोला."

मी बेअरिंगचे सांगितले, कापलेल्या टर्बोचे सांगितले, शुक्रवारचे सांगितले. तो साच्याच्या कडा साफ करत राहिला.

"हे कळाय सहा वर्सं लागली?"

"कळून दीड वर्ष झालं."

"मंग दीड वर्स काय करीत होताव?"

मी म्हणालो, कारखाना तुझ्या नावावर लिहितो आहे. मृत्युपत्रात सगळे लिहिले आहे, तुझी काही चूक नव्हती हेही.

हौसाने कागद खाली ठेवला. "म्हंजे तुमी मेल्यावर वाचायचं? आनि तवर हा चोर?"

काळुराम म्हणाला, "मी तो कागद घेऊन कुनाकुनाच्या घरी जाऊ? तुमी नाक्यावर बोल्लाव. नाक्यावर बोला. तोंडानं. मंग कारखान्याचं बघू."

१०. रविवार, दिनांक ८ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता मी नाक्यावर गेलो. कापलेला टर्बो फडक्यात बांधून नेला होता. त्या दिवशीच्या पंधरा माणसांची यादी मी मनात केली होती. त्यातले चार वारले, तिघे आखातात, दोघांनी टॅक्सी विकून घर बांधले, इतरांचे कोणाला माहीत नाही. नाक्यावर दाजी होता, पानाच्या टपरीवर गिरजाबाई होत्या, आणि निकेश आणि अमोल हे दोन नवे ड्रायव्हर. काळुराम रस्त्यापलीकडे, सायकल धरून. त्याला इकडे ये म्हटले तर आला नाही.

मी फडके सोडले आणि उभ्याने बोललो. सहा वर्षांपूर्वी याच जागी मी काळुराम घरतला तेलचोर म्हटले. ते खोटे होते. पंखी मी जाळली. ही बघा.

निकेशने टर्बो हातात घेतला, उलटा करून पाहिला. "कोन काळुराम?"

दाजी म्हणाला, "अरे तो काय, पलीकडं सायकलवाला."

"तो? तो तर जोह्याचा गनपतीवाला. तो गाड्या पन करायचा?"

गिरजाबाईंनी पानाला चुना लावता लावता विचारले, "तेलाचं कदी बोल्लाव तुमी? मना वाटलं, काळुराम पगारावरनं गेला."

दाजीलाही तेलाचे नीट आठवत नव्हते. धूर आठवत होता. धुराची गोष्ट त्याने निकेशला पुन्हा सांगितली, आणि दोघे हसले.

मी रस्ता ओलांडून काळुरामकडे गेलो. म्हटले, "ऐकलंस ना? कोणाच्या लक्षातसुद्धा नाही."

तो नाक्याकडे बघत होता. "मी सहा वर्सं या नाक्यावरनं गेलो नाय शेट. एसटीतनं आधीच्या थांब्यावर उतरायचो आनि शेतातनं वळसा घालायचो. पावसात पन. पोरीच्या लग्नाची खरेदी हौसानं एकटीनं केली." मग म्हणाला, "आनि हितं कुनाला ठावकंच नव्हतं."

मी परत जाऊन निकेशच्या हातातला टर्बो घेतला आणि फडक्यात बांधला.

तो सायकल हातात धरून कारखान्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. फाटकाच्या बाहेरच थांबला. मी इंजिन चालू केले. त्याने मान थोडी वाकडी करून ऐकले, पूर्वी ऐके तसे.

"दोन नंबरचा नॉझल बगा."

तो मला आठवड्याभरापासून ऐकू येत होता. तरी मी म्हणालो, "व्हय का? बघतो."

मी त्याला म्हटले, सोमवारपासून ये. किल्ली तुझ्याकडे राहील. शुक्रवारीही.

त्याने सायकल फाटकाला टेकवली. "कारखाना घेईन शेट. हौसाला पन सांगतो. पन तुमी हाव तवर नाय येनार. तुमच्या हाताखाली आता मना जमायचं नाय. तुमच्या मागनं येईन."

चहा विचारला. नको म्हणाला. मी इंजिन दोन मिनिटे चालू ठेवून बंद केले, आणि तो ते बंद होईपर्यंत थांबला. मग सायकलवर बसला आणि नाक्याच्या रस्त्याने, मधोमध, गेला.

११. तेव्हा कलम ४ पक्के समजावे. काळुरामने घ्यायचे कबूल केले आहे, माझ्यामागे. शीराने किंवा कोणीही त्यास हरकत घेऊ नये. भिंतीवरची लाल अक्षरे पुसू नयेत; रंग उडाला तर पुन्हा भरावा. कापलेला टर्बो कारखान्यातच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगावा, आणि कोणी विचारले तर कोणाच्या हाताने जळाला ते माझे नाव घेऊन सांगावे. नॉझल मी दुरुस्त करणार आहे, तेव्हा ते काम त्याच्या डोक्यावर नाही.

१२. दाजी बाळाराम मोकल यास काहीही देत नाही, हे मुद्दाम लिहितो. त्याने धुराची गोष्ट हजार वेळा सांगितली आहे. त्यात त्याला पुरेसे मिळाले.

१३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. अनिता देवधर यांनी करावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कारण देण्यासारखे कोणी समोर नव्हते.

सहीच्या दिवसाची नोंद. काळुरामने निरोप पाठवला होता, "सहीला मानूस लागला तर सांगा, मी येतो." तो आज कचेरीत आलाही, धुतलेला सदरा घालून. अनिताबाईंनी त्याला समजावून सांगितले की ज्याला कागदाने काही मिळते त्याने त्या कागदावर साक्ष घातली तर त्याला दिलेले रद्द होते. "मंग मी काय करू?" त्याने विचारले. बाई म्हणाल्या, काही करू नका, बाहेर बसा. तो बाहेर बाकावर बसला आहे. नाक्यावर मी काल आणि परवा उभा राहिलो. निकेशला भाडे होते, अमोलला भाडे होते, गिरजाबाईंनी सांगितले की टपरी सोडून येता येत नाही आणि कागदावर अंगठा द्यायला जावई नको म्हणतो. दाजी आला. म्हणाला, "तू मला काय ठेवलं नायस, म्हणून तर सही चालते."

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत खाली सही केली आहे.

ठिकाण: दुय्यम निबंधक कचेरी, पेण
दिनांक: १९ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

(सही) एझ्रा हासाजी खांबकर

साक्षीदार पहिला: (सही) दाजी बाळाराम मोकल, राहणार पेण.

साक्षीदार दुसरा: (सही) गुणाजी धर्मा शेळके, राहणार खांब. हे स्वतःच्या शेतजमिनीच्या दस्तासाठी कचेरीत आले होते. त्यांची व माझी ओळख आज सकाळी अकरा वाजता झाली.